चोरावर मोर

दोस्तांनो, पावसात भिजलेल्या वाळक्या लाकडाकडे तुम्ही कधी टक लावून पाहिलंय का? "ह्यॅ! लाकडात काय पाहायचं?" असंच म्हणाल ना? मीही तसंच म्हणत होते. पण दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात वाशीम जिल्ह्यात माझ्या मामांच्या गावी गेले, आणि हाताच्या अंगठ्याएवढ्या एका वाळक्या फांदीनं मला दोन दिवस असं काही नाचवलं की विचारू नका. तीच गंमत आज तुम्हाला सांगणार आहे. गंमत म्हणते खरी, पण त्या रात्री आमच्यापैकी कुणालाही हसू येत नव्हतं.

आधी वाशीमला कसं जायचं ते पाहू. तुमच्या आईबाबांच्या शाळेतल्या नकाशात वाशीम जिल्हा शोधलात, तर कदाचित सापडायचाच नाही. कारण तेव्हा तो अकोला जिल्ह्याचा भाग होता. १ जुलै १९९८ रोजी तो वेगळा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके. जिल्हा नवा, पण गाव मात्र फार जुनं बरं का! वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. दीड हजार वर्षांपूर्वी ही वाकाटक राजांच्या एका शाखेची राजधानी होती. अजिंठ्याची चित्रं तुम्ही पुस्तकात पाहिली असतील. तिथलं सोळा नंबरचं लेणं कोरवून घेतलं वराहदेवानं, आणि हा वराहदेव होता वत्सगुल्मच्या हरिषेण राजाचा मंत्री. म्हणजे अजिंठ्याच्या एका गुहेचा खर्च ज्या दरबारातल्या माणसानं केला, तो दरबार इथला!

अकोल्याहून मी एसटी धरली. पातूर मागे पडलं की घाट लागतो. सागाची भलीमोठी पानं पावसानं धुऊन निघालेली, मध्ये पळस, धावडा, सालई, आणि रस्त्याच्या कडेनं लाल पाण्याचे ओहोळ. घाट चढून मेडशी गाठलं की पठार सुरू होतं. या पठाराची एक खुबी आहे. इथल्या एका अंगाला पडलेला पाऊस काटेपूर्णा नदीत जातो. ती उत्तरेला पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी अरबी समुद्राला. दुसऱ्या अंगाला पडलेला पाऊस पैनगंगेत जातो. तिथून वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत करत तो थेट बंगालच्या उपसागरात! एकाच ढगातून पडलेले दोन थेंब, एक पश्चिमेला, एक पूर्वेला. खिडकीशी बसून मी हाच विचार करत होते, तेवढ्यात कंडक्टर ओरडला, "मालेगाव, मालेगाव!" हे नाशिककडचं मालेगाव नव्हे हं. हे मालेगाव जहांगीर.

मामांचं गाव तिथून पुढे पाच-सहा किलोमीटर. दोन्हीकडे गुडघ्याएवढं सोयाबीन, मधूनमधून तुरीच्या ओळी. मामा फाट्यावर घ्यायला आले होते. एरवी मला पाहिलं की लांबूनच हाक मारणारे मामा त्या दिवशी गप्प. पिशवी माझ्या हातातून घेतली आणि चालू लागले.

"मामा, बरं नाही का?" मी विचारलं.

"मले काय होते बाई? बगिच्याले झालं जे व्हायचं ते."

मामा आमचे शाळामास्तर. जन्म खडू-फळ्यात गेला. संत्र्याची बाग लावली ती त्यांच्या थोरल्या भावानं, म्हणजे माझ्या मोठ्या मामांनी. चार वर्षांपूर्वी मोठे मामा वारले आणि बाग मास्तरांच्या गळ्यात पडली. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांचं पीक. एक साल बुडालं तर दुसऱ्या साली पुन्हा पेरता येतं. संत्र्याचं तसं नाही. कलम लावल्यावर चार-पाच वर्षं नुसती राखण करायची, तेव्हा कुठे फळ दिसतं. म्हणून झाड गेलं की नुसतं झाड जात नाही, मधली सगळी वर्षं जातात.

झालं होतं असं की, नाल्याकडच्या अकरा झाडांच्या ओळीत कसलासा पिवळा, लिबलिबीत पदार्थ दिसू लागला होता. शेजारच्या वावरातले एक जण येऊन पाहून गेले आणि म्हणाले, "मास्तर, हा डिंक्या. तोडा आन् जाळा. नाहीतर अख्खा बगिचा खाईन."

डिंक्या! विदर्भातल्या संत्रेवाल्यांच्या घरी हा शब्द हळू आवाजातच बोलतात. या रोगात झाडाच्या बुंध्याची साल सडते, तडकते, आणि त्यातून डिंक गळायला लागतो. पानं पिवळी पडतात आणि झाड हळूहळू वाळत जातं. मोठ्या मामांच्या काळात बागेचा एक कोपरा असाच गेला होता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. मामांनी झाडं तोडणाऱ्यांना सांगून ठेवलं होतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते.

संध्याकाळी पाऊस जरा थांबला तेव्हा मी, मामा आणि मामांची नात असे तिघं बागेत गेलो. ही नात आठवीत आहे. नात्यानं मी तिची आत्या. तिच्या खिशात नेहमी काही ना काही असतं. त्या दिवशी एक भिंग होतं, बत्तीच्या काचेसारखं धुरकट झालेलं.

झाडांवर आंबिया बहराची हिरवी फळं लटकत होती. आणि आतल्या वाळक्या काड्यांवर तो पिवळा पदार्थ! खरं सांगू? मला तो आधी सुंदरच वाटला. हळदीच्या रंगाचा, ओला, चकचकीत, मेंदूवर असतात तशा घड्या असलेला. बोट लावलं तर जेलीसारखा थुलथुल हलला. एक गोळा सुपारीएवढा, तर एक चांगला लिंबाएवढा. बागेच्या कडेला जुन्या बाभळीच्या फांद्यांचं कुंपण होतं, त्यावरही दोन-तीन ठिकाणी तेच.

"पाय," मामा म्हणाले, "कुंपणालेही लागला."

मी मान हलवली. मलाही तो डिंकच वाटला होता, खोटं कशाला बोलू! पण मामांची नात मात्र नाकाला भिंग लावून तिथंच उभी.

"आत्या, डिंक तर जित्या झाडातून निंघते ना? हे काडी तर मेलेली हाय."

हा मुद्दा बिनतोड होता. डिंक म्हणजे जिवंत झाडाच्या जखमेतून येणारा चीक. झाड आपली जखम त्यानं बुजवतं. जी फांदी कधीच वाळून खडखडीत झालीय, तिला जखम काय आणि डिंक काय! आणि कुंपणाच्या बाभळी तर तोडून वर्षं झाली होती. त्यांना रोग लागून आणखी मरायचं तरी काय बाकी होतं?

पण मामांना ते पटेना. रोग वर चढला असेल, म्हणाले. वाळकी काडी आहे, तिच्यातून झिरपला असेल. त्यांच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही हेच म्हटलं असतं. मोठ्या भावानं वाढवलेली बाग आपल्या हातून जाऊ नये, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघींनी एक प्रयोग केला. अगदी साधा. तुम्हीही घरी करू शकता. दोन वाट्या घेतल्या. एकीत बाभळीच्या डिंकाचा खडा टाकला. तो गावात काय, कुठंही मिळतो. दुसरीत त्या पिवळ्या जेलीचा तेवढाच तुकडा. दोन्हींत पाणी ओतलं आणि वाट्या फळीवर ठेवून दिल्या. मामी म्हणाल्या, "त्या वाट्या आता माह्या सैपाकात नको आणजा." त्याही बरोबरच होत्या.

सकाळी उठून आधी फळी गाठली. बाभळीचा खडा विरघळून पाणी चिकट झालं होतं. आणि दुसऱ्या वाटीत? तुकडा जसाच्या तसा! उलट चांगला फुगून टुम्म झालेला, आणि पाणी बरंचसं स्वच्छ. (तुमच्यातला एखादा हुशार म्हणेल, "कतिरा डिंक तर नुसता फुगतो, विरघळत नाही." शाबास! म्हणून सांगते, हा प्रयोग सगळ्या डिंकांना लागू नाही. पण संत्र्याचा डिंक मात्र पाण्यात विरघळणारा.)

मामा वाटीकडे बघत कितीतरी वेळ बसून राहिले. मग एकदम म्हणाले, "अरे! भाऊ म्हणत जाय, पाणी झालं का डिंक धुऊन जाते, मंग रोग हुडकाले कठीण." मोठ्या मामांचं वाक्य त्यांना आत्ता आठवलं होतं. महिनाभर धो धो पाऊस पडूनसुद्धा जी वस्तू धुऊन जाण्याऐवजी वाढतच चाललीय, ती डिंक असेलच कशी?

मग होती तरी काय ती?

ती होती बुरशी. हो, पावावर येते त्याच मोठ्या राज्यातली, पण निराळ्या घराण्यातली. आपल्याकडे पावसाळ्यात उगवणाऱ्या छत्र्यांना अळंबी म्हणतात, भूछत्र म्हणतात, विदर्भात कुठं सात्या तर कुठं टेकोडे म्हणतात. या बुरशीला मात्र छत्रीही नाही आणि देठही नाही. नुसता थुलथुलीत गोळा. अशांना जेली बुरशी म्हणतात. यातल्या एका मोठ्या वंशाचं शास्त्रीय नाव ट्रेमेला. लॅटिन भाषेत थरथरण्याला जो शब्द आहे त्यावरून ते आलं. पिवळ्या ट्रेमेलाचं पूर्ण नाव ट्रेमेला मेसेंटेरिका. यातला दुसरा शब्द आला आतड्यांच्या घड्यांवरून. नाव ठेवणाऱ्याला सुंदर काही सुचलं नाही, असं मला आपलं वाटतं.

युरोपातल्या खेड्यांत हिला 'चेटकिणीचं लोणी' म्हणायचे. घराच्या दाराच्या किंवा फाटकाच्या लाकडावर ही उगवली की लोक घाबरायचे. कुणीतरी चेटूक केलं! मग उतारा काय? तर तिला टाचण्या टोचायच्या, म्हणजे आतला रस गळून जातो आणि चेटूक उतरतं. हसू नका. आमच्या मामांकडे तर करवत निघाली होती!

आता खरी गंमत ऐका. ही बुरशी मेलेल्या लाकडावर उगवते, पण लाकूड खात नाही. मग खाते काय? मामांच्या नातीनं भिंगातून फांदी पाहिली तेव्हा तिला जेलीच्या आजूबाजूला सालीवर एक पातळ थर दिसला. करडा, किंचित गुलाबी झाक असलेला, चुन्याचं पोतेरं फिरवावं तसा. "हा डाग कायचा?" तिनं विचारलं. तो डाग म्हणजे दुसरी बुरशी. सालीला चिकटून पसरणारी, कुणाच्या नजरेत न भरणारी. लाकूड खाते ती ही. मेलेल्या फांदीत आपले धाग्यांसारखे तंतू घुसवते आणि लाकूड पोखरून त्याचं अन्न करते. पिवळ्या ट्रेमेलाला नेमकी अशीच, पेनिओफोरा नावाची, थर पसरणारी बुरशी लागते. ती तिच्या तंतूंना गाठते. तिच्या अंगावर कांद्यासारख्या फुगीर, इवल्याशा पेशी असतात, आणि प्रत्येकीतून केसाहून कितीतरी बारीक नळी निघते. ती नळी त्या दुसऱ्या बुरशीच्या तंतूला भिडते आणि तिनं मेहनतीनं मिळवलेलं अन्न आयतं ओढून घेते.

झाडानं उन्हातून अन्न केलं, त्याचं लाकूड झालं. लाकूड खाल्लं साध्यासुध्या करड्या बुरशीनं. आणि तिला लुटलं या हळदीच्या राणीनं. चोरावर मोर म्हणतात तो हाच! फक्त इथं मोरानं खरोखरच पिसारा फुलवलेला असतो, आणि चोर बिचारा पाठीमागं सालीला चिकटून असतो. सगळ्यांचं लक्ष मोराकडे.

हे कोडं माणसाला सहजी सुटलं नाही. चीनमध्ये ट्रेमेलाचीच एक पांढरीशुभ्र बहीण खातात. तिचं नाव ट्रेमेला फ्युसिफॉर्मिस. चिनी लोक तिला 'चांदीचे कान' म्हणतात आणि तिचं गोड सूप करतात. पूर्वी ती रानातून शोधून आणावी लागे, त्यामुळे फार महाग. लोकांनी लाकडाचे ओंडके कापून ठेवावे आणि वाट पाहावी. काही ओंडक्यांवर ती यायची, काहींवर नाही. का, ते समजेना. पुढे कळलं की तिलाही एक जोडीदार लागतो, सालीवर काळपट पापुद्रे करणारी एक बुरशी. जोडीदार नसेल तर नुसतं बी टाकून उपयोग शून्य! मग दोघींचं बियाणं एकत्र पेरायला सुरुवात झाली आणि 'चांदीचे कान' मुबलक पिकू लागले. आज चीनच्या फुजियान प्रांतातल्या गुतियान भागात भुश्शाच्या पिशव्यांतून हिची मोठी शेती चालते. म्हणजे तिथले शेतकरी एका वेळी दोन पिकं लावतात, चोरही आणि मोरही!

(इथं पालकांसाठी एक सूचना. चीनमध्ये खातात म्हणून आपल्या अंगणातली कुठलीही बुरशी तोंडात घालायची नाही. सारख्या दिसणाऱ्या कितीतरी असतात. पाहायची, चित्र काढायचं, हात साबणानं धुवायचे.)

सारख्या दिसणाऱ्या म्हणजे कशा, ते सांगते. डॅक्रीओपिनॅक्स नावाची एक नारिंगी जेली बुरशी आहे. उलथन्याच्या पात्यासारखे तिचे छोटे छोटे पापुद्रे जुन्या बाकांच्या किंवा खांबांच्या भेगांतून ओळीनं बाहेर येतात. ती परजीवी नाही. स्वतः लाकूड खाऊन जगते, कष्टाळू आहे. दुसरी ऑरिक्युलॅरिया. तपकिरी रंगाची, हुबेहूब माणसाच्या कानासारखी. तीही आपली आपण लाकडावर पोट भरते. तिघीही ओल्या, तिघीही जेली. ओळख पटवायची तर नुसतं वरवर पाहून भागत नाही. शेजारी तो करडा थर आहे का, ते पाहावं लागतं. आणि पक्की खात्री करायची तर सूक्ष्मदर्शकच हवा.

माझी एक मैत्रीण पुण्यात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. बाभळीच्या फांदीवरचा एक तुकडा मी तिच्यासाठी काडेपेटीत घालून नेला. तिनं त्याचा पातळ काप काचेवर ठेवून मला दाखवला. ज्या पेशींवर बीजाणू धरतात, त्या गोल पेशी उभ्या भिंतींनी चार भागांत विभागलेल्या होत्या. जशी भाकरीची चार चतकोर! ही ट्रेमेलाच्या घराण्याची खूण. कष्टाळू डॅक्रीओपिनॅक्सच्या पेशींना हे चतकोर नसतात, त्या गुलेरीच्या बेचक्यासारख्या दिसतात. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा एक मोठा संग्रह आहे. प्राध्यापक आजरेकरांच्या नावानं तो ओळखला जातो. आपल्याकडची झाडं, पानं, लाकडं यांवरच्या बुरशी तिथं वाळवून, नावं घालून, जपून ठेवल्या आहेत. फुलपाखरं जमवणारे असतात तसे बुरशी जमवणारेही असतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मैत्रिणीनं आणखी एक नवल सांगितलं. ट्रेमेलाचा बीजाणू ओल्या जागी पडला की लगेच तंतू होत नाही. आधी तो यीस्टसारखा, म्हणजे पाव फुगवणाऱ्या बुरशीसारखा, एकट्या एकट्या पेशींनी वाढतो. दोन वेगळ्या गटांतल्या पेशी जवळ आल्या की त्या एकमेकींना रासायनिक हाका घालतात. हाक पोचली की पेशीतून एक नळी निघते, दोघी एकमेकींना मिळतात आणि मग तंतूंची वाढ सुरू होते. या हाकेचं रसायन काय असतं, ते १९८१ साली जपानी शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं. डोळ्यांना न दिसणाऱ्या, तोंड नसलेल्या पेशींची हाक! मला तर ते ऐकून काडेपेटी कानाला लावावीशी वाटली.

असो. आपण मामांच्या बागेत परत जाऊ. झाडं तोडणारे यायची वेळ झाली होती.

जेली निरुपद्रवी आहे म्हटल्यावर मी तर मोकळी झाले. चला, सुटलो! पण मामा आता खरे मास्तर झाले होते. म्हणाले, "बाई, पेपर अर्धाच तपासला. डिंक पाण्यानं धुऊन जाते, म्हंजे डिंक दिसत नाही म्हनून रोग नाही, असं कुठं हाय?"

मी गप्पच झाले. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

मग चिखलात बसून आम्ही त्या ओळीतल्या एकेका झाडाचा बुंधा तपासला. माती जरा बाजूला करायची, साल दाबून पाहायची, संशय आला तर चाकूनं हळूच खरवडायची. निरोगी साल आतून हिरवट-पांढरी आणि घट्ट असते. एक, दोन, तीन... सहाही झाडं ठणठणीत. सातव्या झाडाशी जमीन जरा खोलगट होती आणि पावसाचं पाणी साचून राहिलं होतं. मामांनी चाकू लावला आणि साल मऊ लागली. आतून तपकिरी, ओली, आंबूस वासाची. वर पाहिलं तर पानांच्या शिरा पिवळ्या पडत चाललेल्या. हाच तो डिंक्या. डिंकाचा थेंबसुद्धा नाही, सगळा पावसानं धुऊन नेलेला. आणि दोस्तांनो, त्या झाडावर पिवळी जेली एकही नव्हती!

हा रोग करणारी फायटॉप्थोरा म्हणजे ग्रीक भाषेत 'झाडांचा नाश करणारी'. तिला पूर्वी बुरशीच म्हणत. आता शास्त्रज्ञ सांगतात की ती खऱ्या बुरशींच्या राज्यातली नाहीच, समुद्रातल्या तपकिरी शेवाळांची दूरची नातेवाईक आहे. तिच्याच एका बहिणीनं १८४५ पासून आयर्लंडमधले बटाटे सडवले आणि लाखो माणसं उपासमारीनं मेली. तिची पोरं पाण्यात पोहत जातात. होय, अक्षरशः शेपट्या हलवत! म्हणून काळ्या भारी जमिनीत झाडाच्या बुडाशी पाणी तुंबलं की तिचं फावतं.

आठ वाजता तोडणारे आले. मामींनी त्यांना चहा दिला. मामांनी सांगितलं, "झाडं नाही तोडाची. सल काढून द्या." सल म्हणजे संत्र्याच्या झाडातल्या वाळलेल्या काड्या आणि फांद्या. बहर उतरला की त्या छाटून काढायच्या असतात. मोठे मामा हे काम कधी चुकवत नसत. ते गेल्यापासून दोन वर्षं सल काढायची राहून गेली होती. म्हणून तर त्या काड्यांवर करडी बुरशी माजली आणि तिच्यावर आमची ही राणी! जेलीनं झाडांना काही केलं नव्हतं, पण सल तुंबलीय ही चुगली मात्र तिनं केली होती.

दुपारी कृषी सहायक येऊन गेले. त्यांच्या सांगण्यावरून मामांनी नाल्याकडे चर खणून साचलेलं पाणी काढून दिलं. सातव्या झाडाची सडकी साल खरवडून काढली आणि सगळ्याच बुंध्यांना बोर्डो मलम लावलं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी, मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे. लावल्यावर झाडं निळे पायमोजे घातल्यासारखी दिसतात. मामांची नात ब्रश घेऊन कामाला लागली ती पार कोपरापर्यंत निळी होऊन घरी आली.

संध्याकाळी सलीचा ढीग चुलीसाठी बांधला जाऊ लागला, तेव्हा मात्र तिचा चेहरा उतरला. सगळ्यात मोठा पिवळा गोळा असलेली फांदी तिनं ओढून काढली.

"बाबा, हे नाही जाळाची."

"अवं, काय करतं तिले ठेवून?"

"पाहीन."

मामांनी क्षणभर विचार केला. बागेत नको म्हणाले, वाळक्या लाकडात दुसऱ्याही भानगडी असतात. पण वाटेपलीकडं, बाभळीच्या कुंपणावर खोचून ठेवायला हरकत नाही. तिनं तसंच केलं.

दिवाळीत तिचा फोन आला. पिवळा गोळा वाळून पार नखाएवढा झाला होता. कडक, नारिंगी, सालीवर सांडलेल्या वार्निशाच्या थेंबासारखा. तिला वाटलं, मेला. मी म्हटलं, थांब. ट्रेमेला अशी वाळते, गप्प पडून राहते, आणि ओल मिळाली की पुन्हा फुगून बीजाणू सोडायला लागते. उन्हाळ्यात सातवं झाड वाळलं. उपाय उशिरा झाला होता. बाकीची दहा उभी आहेत आणि गेल्या वर्षी त्यांना आंबियाची फळं चांगली धरली.

आणि मृगाचा पहिला पाऊस झाला त्या रात्री पुन्हा फोन. दहा वाजून गेले होते. मागे मामांचा आवाज ऐकू येत होता, "सांग तिले, सांग." ती बॅटरी घेऊन पावसात कुंपणाशी जाऊन आली होती, आणि तिला दम लागला होता.

"आत्या, तो उठला!"